गल्लीतला धूर, वॉर्डातला दवाखाना: पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत महापालिकेच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळच्या ओपीडीत जाऊन बसा. रात्रभर खोकून दमलेली मुलं, दोन पायऱ्या चढताना धाप लागणारे आजोबा आणि त्यांचे केसपेपर सांभाळत बसलेल्या घरच्या बायका दिसतील. त्यातले बरेच जण अशा वस्तीतून आलेले असतात जिथे कोपऱ्यावर कचरा जळतो, शेजारी इमारत पाडायचं काम चालू असतं किंवा भिंतीपलीकडे तयार काँक्रीट बनवणारा कारखाना, म्हणजे आरएमसी प्लांट असतो. पण हवेची तक्रार आपण एका खात्याकडे नेतो आणि औषध मिळत नाही म्हणून भांडतो दुसऱ्याच खिडकीवर. तेही एकेकट्याने.

या दोन्ही गोष्टींवर आपल्या भागात काहीतरी करावं असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं ठाम मत आहे की धूर थांबवण्याची मागणी आणि दवाखाना नीट चालवण्याची मागणी एकाच गटाने करावी. अर्ज मात्र ज्या-त्या खात्याला वेगळे द्यावेत.

ही जोड कामाला येते, याची दोन उदाहरणं

चेंबूरजवळच्या माहुल-आंबापाडा भागात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, रसायनांच्या साठवणटाक्या आहेत. तिथले रहिवासी वर्षानुवर्षं वासाची, डोळे चुरचुरण्याची तक्रार करत होते. २०१३ साली केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने तिथे पाहणी केली. सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो असं सांगितलं. रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायालयाकडे गेले तेव्हा ही पाहणी त्यांच्या फार उपयोगी पडली. 'वास येतो' हे म्हणणं झटकून टाकता येतं, रुग्णालयाचा अहवाल झटकता येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

दुसरं उदाहरण गोवंडीचं. शहरभरातल्या रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याची भट्टी तिथे २००९ पासून दाट वस्तीला खेटून चालू होती. रहिवाशांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही भट्टी दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. साऱ्या शहराच्या उपचारांचा धूर एका गरीब वस्तीच्या वाट्याला आला होता. आरोग्यव्यवस्था सुधारायची म्हणजे फक्त खाटा वाढवायच्या नाहीत, तिचा कचरा कुठे जातो तेही बघायचं, हे गोवंडीकरांनी दाखवून दिलं.

दोन्ही ठिकाणी वर्षं गेली, हेही लक्षात ठेवून कामाला लागा.

आधी माणसं

पाच-सात माणसं पुरतात. शंभर जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नंतर करा. या पाच-सातांत एक जण दिवसा मोकळा हवा, कारण सरकारी कामं सकाळी अकरा ते पाचमध्येच होतात. सरकारी पत्रव्यवहाराची सवय असलेलं कुणी निवृत्त माणूस मिळालं तर सोनंच. आणि वस्तीतल्या किमान दोन बायका हव्यातच. दवाखान्यात कुठलं औषध मिळतं आणि कुठलं 'बाहेरून आणा' म्हणून सांगतात, हे त्यांना जितकं पाठ असतं तितकं कुणालाच नसतं.

आशाताई, कंत्राटी परिचारिका, सफाई कामगार ही माणसं तुम्हाला सगळ्यात खरी माहिती देतील. त्यांच्याकडून ती घ्या, पण त्यांच्या सह्या निवेदनावर घेऊ नका आणि त्यांची नावं कुठे लिहू नका. त्यांचं काम बहुधा कंत्राटावर किंवा मानधनावर असतं. तुमच्या तक्रारीपायी कुणाचा करार थांबला तर पुढे त्या वस्तीत तुमच्याशी कुणी बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

मग वही

एक जाड रेघी वही घ्या. रकाने आखा: तारीख, वेळ, ठिकाण, काय जळत होतं किंवा कशाची धूळ होती, किती वेळ, वारा कुठल्या दिशेला होता, फोटो काढला का, तक्रार केली का, तक्रार क्रमांक. फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटवणारं अ‍ॅप फोनवर घ्या. तीन-चार आठवडे फक्त नोंदी करा. या काळात भांडायची, फेसबुकवर टाकायची घाई नको.

नोंदींचा फायदा असा की त्यातून कारण दिसायला लागतं. एक नेहमीचं उदाहरण घ्या. सकाळी साडेसहाला रस्त्याच्या कडेला पालापाचोळ्याची धुरी पेटलेली असते, झाडूवाल्या ताई बाजूला उभ्या असतात. आपला पहिला राग त्यांच्यावर निघतो. पण वहीत महिनाभराच्या नोंदी असतील तर कळतं की धुरी रोज नाही, आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच पेटते. मग ताईंना शांतपणे विचारा. उत्तर बहुधा असं मिळतं: ओला-सुका कचरा घेणारी गाडी पाला घेत नाही, पाल्याची वेगळी गाडी वेळेवर येत नाही, आणि नऊच्या आत रस्ता स्वच्छ दिसला नाही तर मुकादम बोलतो. पोती भरून ठेवायला जागा नाही. उरतो काय, काडी.

आता तुमची मागणी बदलली. 'कचरा जाळणाऱ्यावर कारवाई करा' असं न म्हणता 'आमच्या रस्त्यावरचा पाला उचलायला आठवड्यातून दोनदा गाडी द्या आणि उद्यानाच्या कोपऱ्यात पाल्याचा खड्डा करू द्या' असं तुम्ही म्हणाल. अशी मागणी मान्य करणं अधिकाऱ्याला सोपं जातं आणि ती खरोखर धूर थांबवते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला आहे. हा आदेश तुम्हाला माहीत असायलाच हवा. तो कुणावर वापरायला सांगायचा याचा मात्र विचार करा. रात्री ट्रकभर राडारोडा आणि प्लास्टिक पेटवून जाणारा ठेकेदार वेगळा, आणि थंडीत शेकोटीला बसलेला वॉचमन वेगळा. त्या वॉचमनला सोसायटीने हीटर द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले होते. तिथेही छोट्या बेकरीवाल्याला गॅसची जोडणी मिळवून द्यायला मदत केलीत तर तो तुमच्या गटात येईल.

हवेचे आकडे: किती आणि कसे वापरायचे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप घ्या. जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक त्यात दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. 'मध्यम' या शब्दावर विसंबू नका. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला त्याच पट्ट्यात त्रास सुरू होतो.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. ते फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, वार्षिक ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ वर आणली. निवेदनात दोन्ही लिहा, पण भर भारतीय मर्यादेवर द्या. अधिकाऱ्याला तीच बांधते.

स्वस्तातला सेन्सर घ्यायचा का, हे हमखास विचारलं जातं. घ्या, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते समजून. दमट हवेत तो वाढीव आकडा दाखवतो आणि त्याचा आकडा न्यायालयात पुरावा म्हणून टिकेलच असं नाही. पण दिवसातल्या कुठल्या वेळी धूळ वाढते हे तो चांगलं सांगतो. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत लावू नका, फोडणीचा धूर मोजत बसेल. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, छपराखाली, उघड्या बाजूला लावा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वारा पडलेला असतो, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी आकडे चढतात. शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळा आणि हे चढ-उतार एकाच कागदावर मांडून मुख्याध्यापकांना दाखवा. पालक लगेच जोडले जातात.

कुणाकडे जायचं

कचरा जळत असेल तर महापालिकेच्या वॉर्ड किंवा क्षेत्रीय कार्यालयातला घनकचरा व्यवस्थापन विभाग. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. बांधकामाची धूळ असेल तर त्याच कार्यालयातला इमारत विभाग. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली: जागेच्या आकाराप्रमाणे २५ ते ३५ फूट उंच पत्रे, बांधकामाला ओलं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक, बाहेर पडताना चाकं धुणं. ही यादी छापून घ्या आणि बांधकामाच्या फाटकासमोर उभं राहून एकेका बाबीपुढे हो-नाही लिहा. अर्ध्या तासात तुमचा तक्रारअर्ज तयार होतो.

कारखाना, आरएमसी प्लांट, भट्टी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. अशा उद्योगाला मंडळाचं संमतीपत्र लागतं आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. संमतीपत्राची प्रत मिळवा. 'खूप धूळ येते' असं लिहिण्याऐवजी 'संमतीपत्रातली अमुक क्रमांकाची अट मोडली जाते, सोबत चार फोटो' असं लिहिलंत की तुमच्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

अर्ज

अर्ज एका पानाचा हवा. भावना दोन ओळींत, बाकी माहिती. साधारण असा:

'प्रति, सहायक आयुक्त. विषय: अमुक रस्त्यावर उघड्यावर कचरा जाळण्याबाबत. महोदय, वरील रस्त्यावर १ ते ३० नोव्हेंबर या काळात आम्ही केलेल्या नोंदी व फोटो सोबत जोडले आहेत. रस्त्यालगत अंगणवाडी व दवाखाना आहे. पालापाचोळा उचलण्यासाठी ठरावीक वाहन नसल्याने हा प्रकार होत असल्याचे दिसते. आमच्या मागण्या: १) पाला उचलण्याचे वेळापत्रक ठरवून ते फलकावर लावावे. २) रात्री कचरा व राडारोडा टाकणाऱ्या वाहनांवर कारवाई करावी. ३) केलेल्या कार्यवाहीची माहिती पंधरा दिवसांत लेखी कळवावी. आपले नम्र...'

सहायक आयुक्तांना समक्ष भेटलात तरी पत्र आवक-जावक विभागात द्यायचंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. त्याची प्रत वरच्या अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला. प्रत्येक पत्र नम्र असू द्या. आवाज चढवला की विषय बाजूला पडतो आणि तुमच्या वागण्याचीच चर्चा होते.

उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. 'का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा. 'अमुक रस्त्यासाठी नेमलेल्या कचरागाडीची गेल्या तीन महिन्यांची फेरीनोंद', 'कचरा जाळल्याबद्दल आकारलेल्या दंडाच्या पावत्यांची यादी', 'अमुक प्लांटच्या तपासणीचे अहवाल'. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. नस्ती, म्हणजे त्या विषयाची फाइल, प्रत्यक्ष बघण्याचाही हक्क आहे आणि नवख्या माणसाने तो जरूर वापरावा. तास-दोन तास नस्ती चाळली की कार्यालय कसं चालतं ते समजतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका आणि जिल्हाधिकारी स्तरावर लोकशाही दिन असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. म्हणून तिथे गटाचं निवेदन न नेता ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

दवाखाना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण हवेच्या कामात हा भाग हमखास राहून जातो. धूर थांबायला दोन वर्षं लागली तर तोवर दमेकऱ्याने काय करायचं?

आधी बाहेर लावलेले फलक वाचा: वेळ, डॉक्टरांचं नाव, उपलब्ध औषधं, तक्रारीसाठी क्रमांक. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना वेळ मागून भेटा. बहुतेक डॉक्टर एकटे चाळीस कामं ओढत असतात आणि कुणी मदतीच्या भावनेने विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. मंजूर पदं किती, भरलेली किती? श्वसनासाठी काय आहे? साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड या दम्यावरच्या औषधांचे इनहेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, ते तुमच्या दवाखान्यात आहेत का? नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं यंत्र, आहे का? आहे म्हणाले तर बघायला मागा. कपाटात यंत्र असतं पण लहान मुलाचा मास्क नसतो, किंवा मास्क असतो पण औषधाची कुपी संपलेली असते. दम लागलेलं मूल समोर असताना 'यंत्र उपलब्ध' या नोंदीचा काहीही उपयोग नसतो. मास्क, कुपी, वीज, चालवणारी व्यक्ती, ऑक्सिजन या पाचही गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

या कामाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव). पुण्याची 'साथी' संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती, गावोगावच्या संघटना सोबत होत्या. गावकरी स्वतः आरोग्य केंद्राची माहिती गोळा करत, प्रगतिपत्रक भरत आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. आदिवासी पाड्यावरच्या बाईने माईक हातात घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारायचं की सरकारी केंद्रात बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी का देता, आणि त्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. शहरात वॉर्डपातळीवर ही पद्धत जशीच्या तशी वापरता येते. प्रगतिपत्रकात दहाच मुद्दे घ्या, वीस-पंचवीस रुग्णांशी बोला, मग दवाखान्याच्याच आवारात किंवा समाजमंदिरात सुनावणी ठेवा. डॉक्टरांना आधी कळवा आणि त्यांच्या अडचणीही त्यात मांडायला सांगा. रिकाम्या पदांची मागणी लोकांनी केली तर त्यांनाही ती हवीच असते.

काही हक्क पाठ करून ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, ती गल्लत करू नका. खासगी रुग्णालयांना २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, आणि बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. महापालिकेत रुग्ण तक्रार निवारण कक्ष असायला हवा. तुमच्या शहरात तो आहे का, त्याचा टोल-फ्री क्रमांक लागतो का, हे एकदा फोन करून बघा.

वस्तीत महिला आरोग्य समिती असते, पन्नास ते शंभर घरांमागे एक, थोडासा निधीही असतो. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. या समित्या कागदावर असतात पण बैठक होत नाही, असं खूपदा दिसतं. नवी समिती काढण्यापेक्षा आहे तीच जागी करा. तिच्या ठरावाला वजन असतं.

पैसा कुठे जातो ते बघा

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार देशभरात या निधीतला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. तुमच्या शहराने हा पैसा कशावर खर्च केला, ते माहिती अधिकारात मागा. फवारणीच्या गाड्या फोटोत छान दिसतात, पण पाला उचलायची गाडी जास्त कामाची.

महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो, म्हणजे मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचायला हवी. पुण्यात नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची सोय २००६ पासून आहे. 'दवाखान्याला दोन नेब्युलायझर, मास्कसह' असं नेमकं काम सुचवा.

वर्तमानपत्र आणि कोर्ट

पत्रकाराला बोलावताना वही, पोच आणि एक बोलायला तयार कुटुंब हवं. एवढं असलं की बातमी होते.

लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, म्हणून वहीतल्या तारखा जपा. कोर्टात जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच, आणि खर्च कोण उचलणार हे गटात आधी ठरवा. वर्गणी घ्यायला लागलात की हिशेबाची वेगळी वही, दोन सह्या, आणि दर महिन्याला ग्रुपवर जमाखर्चाचा फोटो.

पावसाळ्यात हवा बरी असते आणि गट विस्कळीत होतो. ते चार महिने दवाखान्यासाठी ठेवा: प्रगतिपत्रक, डॉक्टरांची भेट, समितीची बैठक. सप्टेंबरअखेर जुनी वही काढून मागच्या हिवाळ्यातली ठिकाणं एका नकाशावर खुणा करा आणि पाल्याच्या गाडीचं वेळापत्रक मागणारं पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच आवक विभागात द्या, पहिली धुरी पेटायच्या आत.